४३५ पिवळ्या खुणा

जी, ए, टी, सी, ए, सी, ए, जी, जी, टी. माणसाच्या तंतुकणिकेतल्या, म्हणजे मायटोकाँड्रियातल्या डीएनएची संदर्भप्रत या दहा अक्षरांनी सुरू होते आणि १६,५६९व्या अक्षराला संपते. संपते असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात तो गोल आहे, शेवटचं अक्षर पुन्हा पहिल्याला जोडलेलं. मागच्या रविवारी मी ही सगळी प्रत घरच्या प्रिंटरवर छापली. पानाला दोन हजार अक्षरं बसवली. आठ पानं गच्च भरली आणि नवव्यावर जेमतेम पाव पान मजकूर आला.

मग पिवळा हायलायटर घेऊन बसलो. नियम साधा होता: ‘सी’च्या लगेच पुढे ‘जी’ आला की खूण करायची. पहिली जोडी सापडली ३३व्या जागी. पुढची ६१व्या. मग ७८, ८०, ९१, ९६. पहिल्या शंभर अक्षरांतच सहा! ‘‘बाबा, शब्दकोडं सोडवताय का?’’ मुलीने विचारलं. हो म्हटलं, ते तसं खोटंही नव्हतं. दोन तासांनी माझी मोजणी ४२९वर थांबली. संगणकाने ४३५ सांगितल्या. सहा कुठे निसटल्या ते नंतर लक्षात आलं: ओळीच्या शेवटी सी आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला जी.

याच जोडीचा नाद लागण्याचं कारण असं. केंद्रकातल्या डीएनएत या जोडीतल्या ‘सी’वर पेशी एक बारीकशी चिठ्ठी चिकटवते. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स. तिला मिथाइल गट म्हणतात. एखाद्या जनुकाच्या तोंडाशी अशा चिठ्ठ्या दाट झाल्या की ते जनुक सहसा गप्प बसतं. त्वचेच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत मजकूर तोच असतो, चिठ्ठ्या वेगळ्या ठिकाणी असतात. त्याच पेशीत राहणाऱ्या दुसऱ्या, चिमुकल्या डीएनएत चिठ्ठ्यांना जागा किती आणि प्रत्यक्ष चिठ्ठ्या किती, हे मला पाहायचं होतं.

आता मोठ्या भावंडाकडे वळू. केंद्रकातल्या डीएनएचा एक संच सुमारे ३१० कोटी अक्षरांचा. तो याच हिशोबाने छापायचा तर साडेपंधरा लाख पानं लागतील. दोनशे पानांचा एक दिवाळी अंक धरला तर ७,७५० अंक. आणि हा झाला एकच संच. आपल्याकडे दोन असतात, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. तंतुकणिकेचा डीएनए म्हणजे या ढिगात पडलेली नऊ सुटी पानं.

दुसऱ्या मापाने बघू. गोल कापून सरळ केलेला तंतुकणिकेचा डीएनए एक मीटर लांब आहे असं समजा. त्याच प्रमाणात केंद्रकाचा एक संच १८७ किलोमीटर भरेल. मुंबईच्या सीएसएमटीपासून पुणे स्टेशन रेल्वेने १९२ किलोमीटर आहे. म्हणजे गाडी शिवाजीनगरच्या अलीकडे कुठेतरी असेल. या अख्ख्या प्रवासात प्रथिनांची कृती सांगणारा मजकूर किती? दीड टक्क्याच्या आसपास. तो सगळा गोळा करून सीएसएमटीपासून सलग अंथरला तर भायखळा यायच्या आत संपेल. पुढचा घाट, बोगदे, लोणावळा, सगळं वेगळ्याच कारणांसाठी आहे. काही भाग जनुकं चालू-बंद करणाऱ्या खटक्यांचा, बराचसा जुन्या उचापतींचा गाळ.

एक मीटरवाल्याकडे मात्र अशी चैन नाही. तिथे ३७ जनुकं आहेत: १३ प्रथिनांची, २२ वाहक आरएनएची आणि २ रायबोसोमच्या आरएनएची. सुमारे ९३ टक्के जागा कामाची. मोठा मोकळा पट्टा एकच, १,१२२ अक्षरांचा, आणि तोही मोकळा नाही, कारण नक्कल करण्याचे हुकूम तिथूनच सुटतात. जागेची ओढ इतकी की दोन शेजारी जनुकं ४६ अक्षरं सामाईक वापरतात. तीच अक्षरं, पण तिघांच्या गटात वाचायला सुरुवात एका जागेने सरकवली की दुसऱ्या प्रथिनाचा मजकूर. काही जनुकांना तर स्वतःचा पूर्णविरामही पुरता नाही. शेवटी नुसता ‘टी’ लिहून ठेवलेला असतो. पुढचे दोन ‘ए’ नंतर आरएनएला जे ‘ए’चं लांब शेपूट जोडलं जातं, त्यातून भरून निघतात. कंजूषपणाची कमाल आहे!

पण हा कंजूष एकटा राहत नाही. केंद्रकात संच दोनच; तंतुकणिकेच्या डीएनएच्या प्रती पेशीत शेकड्यांनी ते हजारांनी. हजार प्रती धरल्या तर १ कोटी ६६ लाख अक्षरं होतात, केंद्रकातल्या ६२० कोटींपुढे पाव टक्क्याच्या किंचित वर. स्त्रीबीजात मात्र पारडं फिरतं. तिथे प्रती लाखांत असतात. दोन लाख धरा: ३३१ कोटी अक्षरं. म्हणजे केंद्रकाच्या एका अख्ख्या संचापेक्षा जास्त. शुक्राणूकडे जेमतेम शंभरेक, त्याही पुढे नष्ट होतात. तंतुकणिका आईकडूनच येते ती अशी.

इथे जाता जाता एका लोकप्रिय आकड्याचा समाचार घ्यायला हवा. एका पेशीत दोन मीटर डीएनए, शरीरात तीसेक लाख कोटी पेशी, म्हणून माणसाच्या डीएनएची लांबी अमुक इतकी, असा गुणाकार सगळीकडे फिरत असतो. गुणाकार बरोबर आहे, विचार चुकलाय. त्या तीस लाख कोटींतल्या सुमारे पंचवीस लाख कोटी तांबड्या रक्तपेशी आहेत. त्यांना केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत. रक्तातल्या चपट्या बिंबिकांनाही केंद्रक नाही. केंद्रकवाल्या पेशी उरतात तीन लाख कोटींच्या घरात. तरीसुद्धा लांबी ६०० कोटी किलोमीटर भरते; सूर्यापासून प्लूटोचं सरासरी अंतर जवळपास तेवढंच आहे. त्याच पेशींतला तंतुकणिकांचा डीएनए, पेशीमागे हजार प्रती धरून, १ कोटी ७० लाख किलोमीटर. चंद्राच्या बावीस फेऱ्या, जाऊन-येऊन.

अक्षरांची गणती करायला घेतली की आणखी मजा येते. माझ्या नऊ पानांवर ‘ए’ ५,१२४, ‘टी’ ४,०९४, ‘सी’ ५,१८१ आणि ‘जी’ २,१६९. बेरीज करून पाहा. १६,५६८ येते. एक अक्षर कमी. मीही पुन्हा पुन्हा बेरीज केली.

हरवलेलं अक्षर ३,१०७व्या जागी आहे आणि तिथे ‘एन’ लिहिलंय. १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेत ही प्रत पहिल्यांदा वाचली गेली. डीएनए बहुतांशी एका वारेतून काढलेला. काही तुकडे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या ‘हेला’ पेशींचे, आणि जिथे अडलं तिथे गाईबैलांच्या डीएनएचा आधार. १९९९ मध्ये मूळ नमुना पुन्हा वाचला तेव्हा कळलं की ३,१०६ आणि ३,१०७ या जागी दोन ‘सी’ लिहिलेत, खरा एकच आहे. आता तो खोडला तर पुढच्या साडेतेरा हजार अक्षरांचे क्रमांक एकाने सरकणार, आणि तोवर जगभरच्या शोधनिबंधांत, रुग्णांच्या अहवालांत ते क्रमांक छापून गेलेले. म्हणून अक्षर काढलं, जागा ठेवली. चाळीतली एक खोली पाडली म्हणून कोणी पुढच्या खोल्यांचे नंबर बदलत नाही, तसंच. ही प्रत युरोपात आढळणाऱ्या एका मातृवंशाची आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. तिच्यात ७३व्या जागी ‘ए’ आहे. बहुतेक भारतीयांमध्ये तिथे ‘जी’ असतो.

तर रचना. ‘सी’ आणि ‘जी’ मिळून इथे ४४ टक्के होतात, केंद्रकात ४१ टक्के. या दोन आकड्यांवर थांबलं तर दोघं सख्खे भाऊ वाटतील. टक्केवारी अशी फसवते. डीएनएच्या दोन धाग्यांत मिळून ‘ए’ आणि ‘टी’ समसमान, ‘जी’ आणि ‘सी’ समसमान, हे एर्विन चारगाफ यांनी १९५०च्या सुमारास दाखवलं. ते असणारच, एकाचा जोडीदार समोर बसलेला आहे. पण केंद्रकातला नुसता एक धागा घेतला तरी ही बरोबरी जवळपास टिकते. तंतुकणिकेत ती साफ मोडते: ‘सी’ ५,१८१ आणि ‘जी’ २,१६९, अडीच पटींची तफावत. समोरच्या धाग्यावर अर्थातच उलटं, तो ‘जी’ने भरलेला. ‘जी’चा रेणू चारही अक्षरांत वजनदार, त्यामुळे तो धागा मी हिशोब केला तेव्हा दोन टक्क्यांनी जड निघाला. शास्त्रज्ञ त्याला जड धागाच म्हणतात आणि दुसऱ्याला हलका. सिझियम क्लोराइडच्या अल्कधर्मी द्रावणात घालून गरगर फिरवलं की दोन्ही वेगळे होतात.

ही तफावत आली कुठून? एका क्षुल्लक अपघातातून. आणि केंद्रकातल्या डीएनएची ठेवणही त्याच अपघाताने घडवली, म्हणून मला हे प्रकरण विशेष वाटतं.

‘सी’ म्हणजे सायटोसिन जरा नाजूक. नुसतं पाण्यात असलं तरी त्याचा अमिनो गट अधूनमधून गळून पडतो आणि ‘सी’चा ‘यू’ होतो, युरॅसिल. एका पेशीत दिवसाला शंभर ते पाचशे वेळा हे घडतं. कमीत कमी शंभर धरू. तीन लाख कोटी पेशी गुणिले शंभर, म्हणजे दिवसाला तीन कोटी कोटी. सेकंदाला साडेतीनशे कोटी अक्षरं आपल्या अंगात बिघडतात, आणि तरी आपण चहा पीत पेपर वाचतो. कारण ‘यू’ हे डीएनएचं अक्षरच नाही. दुरुस्ती करणाऱ्या विकराला तो लगेच परका वाटतो. तो त्याला कापतो आणि ‘सी’ परत बसवला जातो.

आता त्या ‘सी’वर मिथाइलची चिठ्ठी असेल तर? मग अमिनो गट गळल्यावर ‘यू’ होत नाही. थेट ‘टी’ होतो. आणि ‘टी’ हे तर डीएनएचं हक्काचं अक्षर. चोर पोलिसाच्या गणवेशात उभा. समोर ‘ए’ऐवजी ‘जी’ बसलाय, एवढीच काय ती शंका येण्यासारखी गोष्ट. दुरुस्ती होते, पण कधी कधी चुकते, आणि मग ‘सीजी’ची ‘टीजी’ कायमची. शिवाय चिठ्ठीवाला ‘सी’ साध्या ‘सी’पेक्षा बिघडतोही जास्त वेगाने.

कोट्यवधी वर्षं हे चाललं की काय उरतं ते मोजता येतं. ४१ टक्क्यांच्या हिशोबाने केंद्रकाच्या एका संचात ‘सीजी’च्या सुमारे तेरा कोटी जोड्या असायला हव्या होत्या. आहेत २ कोटी ८० लाख. पाचातली एक उरली. चार भाषेतून उडाल्या, आणि त्यांच्या जागी ‘टीजी’ व ‘सीए’ हे जोडशब्द फाजील झाले. ज्या पट्ट्यांवर चिठ्ठी लागत नाही, मुख्यतः जनुकांच्या सुरुवातीचे, तिथे मात्र ‘सीजी’ अजून दाटीवाटीने उभ्या आहेत. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी फळमाशी घ्या. तिच्या डीएनएत मिथाइलच्या चिठ्ठ्या जवळपास नाहीतच, आणि तिच्याकडे ‘सीजी’ची अशी टंचाईही नाही. माणसात एका अक्षराच्या बदलाने जे आनुवंशिक विकार होतात, त्यांतले सुमारे एक तृतीयांश याच जोडीच्या जागी होतात. चिठ्ठ्यांची किंमत आपण अशी मोजतो.

तंतुकणिकेत हाच हिशोब लावला तर ६७८ जोड्या अपेक्षित आहेत. सापडल्या ४३५, म्हणजे ६४ टक्के. घट इथेही आहे, पण केंद्रकाच्या २१ टक्क्यांपुढे ही श्रीमंतीच. झीज झाली ती दुसरीकडे. या डीएनएची नक्कल होताना जड धागा बराच वेळ एकटा, उघडा लोंबकळतो. उघड्या धाग्यावरचा ‘सी’ कितीतरी पटींनी लवकर बिघडतो. त्यामुळे जड धाग्यावरचे ‘सी’ ओसरत गेले, आणि समोरच्या हलक्या धाग्यावर त्यांचे जोडीदार ‘जी’ २,१६९वर आले. केंद्रकात चिठ्ठीमुळे एक जोडी झिजली. इथे उघडेपणामुळे एक अक्षरच झिजलं.

सगळ्याच सजीवांत गणित असं नसतं, हे सांगून पुढे जातो. पावाच्या पिठात घालतात त्या यीस्टच्या तंतुकणिकेत ‘जी’ आणि ‘सी’ मिळून फक्त १७ टक्के आहेत. सायलीन कोनिका नावाच्या एका रानफुलाचा तंतुकणिकेतला डीएनए १ कोटी १३ लाख अक्षरांचा आहे, आपल्या ६८० पट, आणि त्यात आपल्यापेक्षा फार जास्त जनुकं आहेत असंही नाही. हिवतापाच्या परजीवीचा सहा हजारांत आटोपतो. तो आणखी कंजूष.

आता चिठ्ठ्याच मोजू. एका संचात २ कोटी ८० लाख जागा, दोन संचांत दुप्पट, प्रत्येक जागी दोन्ही धाग्यांवर एकेक ‘सी’, म्हणून पुन्हा दुप्पट: ११ कोटी २० लाख. यांतल्या सत्तर ते ऐंशी टक्क्यांवर चिठ्ठी असते. पंच्याहत्तर धरले तर एका पेशीत ८ कोटी ४० लाख. पेशी दुभंगायच्या आधी डीएनएची नक्कल होते आणि नवे धागे कोरे असतात. त्यांच्यावर तितक्याच चिठ्ठ्या, त्याच जागी, नव्याने चिकटवायच्या. नकलेला आठ तास लागतात असं धरलं तर सेकंदाला २,९०० चिठ्ठ्या. कोणत्याही टपाल कार्यालयाला हेवा वाटावा. आणि एवढ्या सगळ्यांचं वजन? एका पेशीतल्या चिठ्ठ्या दोन फेम्टोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या कोटीव्या भागाचे पाच कोटी तुकडे केले तर त्यातला एक. साऱ्या शरीरातल्या मिळून सहा मिलिग्रॅम. तांदळाचा दाणा साधारण वीस मिलिग्रॅमचा असतो. मेंदूची पेशी मेंदूची राहते आणि यकृताची यकृताची, त्यात मोठा वाटा असलेली ही खूणगाठ दाण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीसुद्धा भरत नाही.

आणि माझ्या ४३५ जागा? त्यांचं उत्तर पन्नास वर्षं हेलकावे खातंय. ही चिठ्ठी वासराच्या थायमस ग्रंथीच्या डीएनएत रोलिन हॉचकिस यांना १९४८ मध्ये दिसली होती. तंतुकणिकेत डीएनए आहे हे कळलं त्यानंतर पंधरा वर्षांनी. १९७४ मध्ये इगोर डेव्हिड यांनी बेडूक आणि हेला पेशींच्या तंतुकणिका तपासून ‘इथे चिठ्ठ्या नाहीत’ असं छापलं. पुढे काहींना दोन-पाच टक्के दिसल्या. २०११ मध्ये चिठ्ठी चिकटवणारं विकरच तंतुकणिकेत सापडल्याचं जाहीर झालं आणि शोधनिबंधांची लाट आली. म्हातारपण, मधुमेह, प्रदूषण, सगळ्याशी या चिठ्ठ्यांचा संबंध लागू लागला.

गोम मोजायच्या पद्धतीत होती. १९९२ मध्ये सिडनीत मॅरिअ‍ॅन फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर युक्ती काढली होती: डीएनएवर सोडियम बायसल्फाइट ओतायचं. साधा ‘सी’ बदलून ‘यू’ होतो, चिठ्ठीवाला तसाच राहतो. वाचताना जो ‘सी’ उरला, तो चिठ्ठीवाला. पण हे रसायन फक्त सुट्या धाग्यावर चालतं. तंतुकणिकेचा डीएनए गोल आणि वर पीळ घातलेला. धागे उकलले तरी ते लगेच पुन्हा एकमेकांना बिलगतात. आत दडलेल्या ‘सी’पर्यंत रसायन पोचतच नाही, तो तसाच उरतो आणि मोजणारा म्हणतो, सापडली चिठ्ठी! दोन्ही धाग्यांवर मिळून ‘सी’ आहेत ७,३५०. त्यांतला एक टक्का असा सुटला तर प्रत्येक प्रतीवर ७३ खोट्या चिठ्ठ्या. २०१६ मध्ये दाखवून दिलं गेलं की गोल आधी एका जागी कापून सरळ केला, तर यातल्या बहुतेक चिठ्ठ्या विरून जातात. २०२१ मध्ये केंब्रिजच्याच संशोधकांनी रसायन टाळून, डीएनएचा एकेक रेणू बारीक छिद्रातून ओढत वाचला. माणसाच्या पेशींत आणि ऊतींत ‘सीजी’वर मिथाइलचा पुरावा मिळाला नाही. वाद पुरता मिटलेला नाही, पण मी पैज लावायची झाली तर शून्यावर लावेन. ६४ टक्के उरलेल्या जोड्या तेच सांगताहेत.

आणखी एक सापळा आहे, तो मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. तंतुकणिकेच्या डीएनएचे तुकडे अधूनमधून केंद्रकात जाऊन गुणसूत्रांत घुसतात आणि तिथेच राहतात. आपल्या केंद्रकात असे शेकडो आहेत. तिथे गेल्यावर ते तिथल्या रीतीने वागतात, म्हणजे त्यांच्यावर चिठ्ठ्या लागतात. नमुन्यात केंद्रक जरा मिसळलं की हे तोतये मोजणीत घुसतात. त्यांना ‘न्यूम्ट’ हे नाव १९९४ मध्ये मिळालं, तेही पाळीव मांजरांवरच्या अभ्यासात. मांजराच्या एका गुणसूत्रावर सुमारे ७,९०० अक्षरांचा असा तुकडा सापडला, आणि तो एकापुढे एक ३८ ते ७६ वेळा ठेवलेला.

माझ्या नऊ पानांइतका मजकूर केंद्रकातून कुठूनही सरासरी उचलला, तर त्यात पिवळ्या खुणा दीडशेच्या आसपास पडतील आणि त्यांतल्या एकशेदहांवर चिठ्ठी असेल. इथे खुणा ४३५. आधीच्या ४२९ आणि ओळींच्या टोकांवर नंतर अर्ध्या-अर्ध्या केलेल्या सहा. चिठ्ठी, माझी पैज खरी ठरली तर, एकीवरही नाही. नवव्या पानाचा पाऊण भाग कोरा होता. मुलीने त्यावर मांजर काढलंय. न्यूम्टबद्दल तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.